दर दहा हजार किलोमीटरला

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वहीत आमच्या गाडीची अकरा पानं आहेत. वही म्हणजे पतसंस्थेकडून दिवाळीला मिळालेली डायरी. तारखा जुन्याच, फक्त वर्ष खोडून नवं घातलेलं. पट्टीने रेघा मारून पाच रकाने केलेले: तारीख, किलोमीटर, काम, रुपये. पाचव्या रकान्यात नुसतं एक अक्षर, ‘झी’ किंवा ‘बि’. झीज किंवा बिघाड. गाडी घेतली त्या आठवड्यापासून त्यांनी हे लिहायला सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

अण्णांची सगळी नोकरी एसटीत गेली. आधी दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा, नंतर साताऱ्याची विभागीय. १ जून १९४८ ला पुणे–नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, हे ते घरातल्या वाढदिवसाइतक्या आपुलकीने सांगतात. दापोडीत नुसती चॅसी यायची, चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा. त्यावर पत्रा, खिडक्या, बाकडी चढून लाल गाडी बाहेर पडायची. अशा किती गाड्यांना आपला हात लागला याचा त्यांना पत्ता नाही. लहानपणी स्टँडवर गेलो की ते बोनेटवर हलकेच थाप मारायचे, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

मी फिजिओथेरपिस्ट. साताऱ्यात माझं छोटंसं क्लिनिक आहे, पण निम्म्याहून जास्त काम घरोघरी जाऊन करायचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, पक्षाघात झालेली, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं क्लिनिकपर्यंत येऊ शकत नाहीत. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, कधी पार औंधापर्यंत जावं लागतं. स्कूटीवर सहा वर्षं काढली आणि २०१९ साली गाडी घेतली. २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक, पुण्याचं एमएच-१२ पासिंग, दोन मालक होऊन गेलेले, एक लाख चाळीस हजार रुपये. माझ्या कमाईची पहिली मोठी वस्तू. पेढे देवापुढे ठेवायच्या आधी मी तिच्या डॅशबोर्डवर ठेवले होते.

पहिली तीन वर्षं बरी गेली. टायर बदलले, बॅटरी बदलली, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट टाकली. ‘झी’, ‘झी’, ‘झी’. अण्णा म्हणायचे, “ही गाडीची भाकरी आहे. खाणारच ती. भाकरीचा हिशेब दुखण्यात धरायचा नाही.” चौथ्या वर्षापासून ‘बि’ दिसायला लागले.

गाडी सारखी बिघडायला लागली की सल्ले फुकट मिळतात. सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला असा की, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकायची. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. मला मात्र तो कधी पटला नाही, कारण बाजारात येणारी किंमत आणि माझ्या गरजेचा मेळच बसत नव्हता. बाजारात तिचे सत्तर हजार आले असते. त्या सत्तर हजारांत दुसरी तशी गाडी मिळाली असती ती कुणाची, कशी चालवलेली, आतून काय झालेली, कोण सांगणार? आणि नवी घ्यायची तर पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, म्हणजे महिन्याला जवळजवळ दहा हजार चारशेचा हप्ता. अण्णांच्या वहीतला पाच वर्षांचा सगळा खर्च होता एक लाख बासष्ट हजार. महिन्याला सत्तावीसशे. रुपयांच्या तराजूत दुरुस्तीचं पारडं दर वेळी जड व्हायचं, आणि म्हणूनच मी त्या गाडीतून बाहेर पडू शकत नव्हते. दर खेपेला वाटायचं, एवढं काम झालं की झालं.

एप्रिल २०२४ मध्ये पुण्याहून, माझ्या बहिणीकडून परत येत होतो. अण्णा शेजारी. दुपारी तीनची वेळ. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, येताना मात्र घाट चढावा लागायचा. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा हलला. एरवी सपाटीला तो कधी निम्म्यावरही यायचा नाही, आणि ते मला चांगलं लक्षण वाटायचं. तिसऱ्या वळणावर तो लाल रेघेला टेकला. पुढे ट्रक, मागे ट्रक, थांबायला जागा नाही. “एसी बंद कर, हीटर लाव,” अण्णा म्हणाले. “पूर्ण लाव. पंखा चारवर.” भर उन्हाळ्यात, घाटात, खिडक्या उघड्या टाकून आम्ही हीटर लावला. इंजिनची उष्णता तेवढीच आत ओढून घ्यायची, हा त्यातला हेतू. तोंडावर भट्टीचा झोत यावा तशी हवा येत होती. काटा अर्धी रेघ खाली आला, थांबला आणि पुन्हा चढला. खामजाईच्या देवळाच्या अलीकडे जागा मिळाली तिथे गाडी घेतली. बोनेटखालून वाफ निघत होती. मी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच अण्णांनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाची ती पकड मला अजून आठवते. दापोडीत त्यांच्या शेजारच्या माणसाचा चेहरा त्या झाकणाने भाजला होता. पाऊण तास आम्ही दगडावर बसून राहिलो. गाडी निवल्यावर त्यांनी आधी रेडिएटर नाही उघडला, ऑइलचं झाकण उघडलं आणि उलटं करून मला दाखवलं. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा थर होता. ताकावर लोणी आल्यासारखा.

“पाणी ऑइलमध्ये गेलंय. गॅस्केट उडालं.”

गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामधला, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारा पातळ थर. गाडी टोचन करून साताऱ्यात आणली.

मिस्त्रींनी हेड खोलायला दीड दिवस घेतला. अण्णा दोन्ही दिवस गॅरेजमध्ये स्टुलावर बसून. हेड लेथवाल्याकडे नेलं तेव्हा मीही गेले, कारण पैसे कशाला द्यायचे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. धुऊन पुसून ठेवलेलं ॲल्युमिनियमचं हेड एखाद्या दागिन्यासारखं लखलखत होतं. अण्णांनी त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, आधी लांबीत, मग दोन्ही कर्णांत, आणि पट्टीखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवून बघायला लागले. सगळ्यात पातळ पातं पाच शतांश मिलिमीटरचं, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. बाजूंना ते अडलं. मधोमध मात्र सरळ आत गेलं. मग त्याच्या दुप्पट जाडीचं घातलं, तेही गेलं. “वाकलंय,” ते म्हणाले. एवढ्याशा फटीतून पाणी आणि तेल एकमेकांत गेलं होतं. बाहेरून बघताना ते हेड इतकं सपाट दिसत होतं की त्यावर हात फिरवून मला काहीच कळलं नसतं.

पण त्यांना खरं शोधायचं होतं ते वेगळंच. गाडी एवढी तापली का? थर्मोस्टॅटची डबी उघडली तर ती रिकामी निघाली. इंजिन थंड असेपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि तापलं की वाट मोकळी करायची, एवढंच त्या झडपेचं काम. रेडिएटर आतून गाळाने धरला असेल आणि गाडी तापत असेल, तर बरेच जण ही झडप काढूनच टाकतात. मग पाणी सतत फिरत राहतं, सपाट रस्त्यावर काटा खालीच राहतो आणि गाडी ठणठणीत वाटते. घाट लागला की खरं उघडं पडतं. मी पाच वर्षं ज्या खाली राहणाऱ्या काट्याकडे बघून निर्धास्त होत होते, तो काटा मला गाडी विकणाऱ्याने खाली बसवून दिला होता. त्या दिवशी मला राग आला नाही, वाईट वाटलं. आपण विश्वास कशावर ठेवला, याचं.

खर्च निघाला चोवीस हजार. हेड फेसिंग म्हणजे ते घासून सपाट करणं, गॅस्केट सेट, नवा रेडिएटर, वॉटर पंप, सगळे होस पाइप, थर्मोस्टॅट, आणि एवढं खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट. वर सप्टेंबरमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग. एप्रिल २०२२ पर्यंत त्याची फी सहाशे रुपये होती, ती पाच हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर. हे सगळं करून पाच वर्षं वाढवून मिळणार.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी अण्णांना सरळ विचारलं, “करायचं की काढायची?”

त्यांनी वही आणली. मला वाटलं, रुपयांची बेरीज करतील. त्यांनी रुपयांच्या रकान्यावर पोस्टकार्ड ठेवलं आणि तो झाकला. “एसटीत आम्हाला विचारायचे, दर दहा हजार किलोमीटरला गाडी रस्त्यात किती वेळा पडली? डेपोत उभी करून काम केलं तो खर्च. ते वेगळं. माणसं बसलेली असताना रस्त्यात थांबली, ते वेगळं. ते मोज.”

आम्ही मोजलं. जानेवारी २०२३ पासून चौदा हजार किलोमीटर, आणि गाडी रस्त्यात थांबली नऊ वेळा. दहा हजाराला साधारण साडेसहा. अण्णा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नऊ थांब्यांपुढे कारणं लिहायला लावली. दोनदा होस पाइप फुटला, एकदा रेडिएटरचा पंखा फिरायचा थांबला, दोनदा नुसतीच तापली. हे पाच एकाच घरातले. उरलेले चार मात्र विखुरलेले: इंजिन चालू करणारा सेल्फ दोनदा, फ्युएल पंप, क्लच केबल.

“हे पाच म्हणजे दुखणं. याचं मूळ सापडलंय, ते काढता येईल. हे चार म्हणजे वय. वयाला मूळ नसतं. आज इथं, उद्या तिथं. ते नाही काढता येत.”

हे वाक्य मला नुसतं ऐकून सोडून देता येत नव्हतं, कारण माझ्या कामात मी दुसरं काय करते? बदलायचं की आहे तेच चालवायचं, हा प्रश्न मी रोज माणसांच्या गुडघ्यांच्या बाबतीत ऐकते. तिथे एक्स-रे कितीही खराब असला तरी निव्वळ तो बघून ऑपरेशन ठरवत नाहीत. किती चालता? जिना चढता येतो का? रात्री दुखून जाग येते का? दोन हाडांमधली जागा पार संपलेली असूनही रोज शेतावर जाऊन येणारे लोक मी बघितले आहेत, आणि फोटोत फारसं काही नसताना देवळापर्यंत जाणं बंद झालेलेही. गुडघा किती झिजला याच्यापेक्षा त्याने माणसाचं काय काय बंद केलं, हे बघायचं असतं. गाडीला मात्र मी कधीच तसं विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर रहिमतपूरच्या आजी आठवल्या असत्या. फेब्रुवारीत त्यांचा उजवा गुडघा बदलला होता. पहिल्या आठवड्यांत गुडघा रोज थोडाथोडा वाकवत न्यावा लागतो, नव्वद अंशांपर्यंत तरी. ते राहून गेलं तर आत चिकटण धरते आणि मग तो हट्टी होतो. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत माझ्या दोन फेऱ्या चुकल्या. एकदा सेल्फ, एकदा होस. दुसऱ्यांदा मी कोरेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांच्या सुनेला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “ताई, सकाळपासून वेणी घालून बसल्यात. तुम्ही येणार म्हणून.” तिसऱ्या आठवड्यात गुडघा सत्तरवर अडला होता. पुढे सव्वा महिना लागला तो सुटायला. आजींना त्याचा केवढा त्रास झाला, ते त्यांच्या पायाला लागलेल्या माझ्या हातांनी बघितलं. वहीत त्या दोन दिवसांपुढे सहाशे आणि नऊशे असे आकडे आहेत. एवढाच खर्च दिसतो.

तरीही आम्ही गाडी दुरुस्त केली. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. मूळ सापडलेलं दुखणं काढल्याशिवाय उरलेलं वय किती आहे, ते कळलं नसतं. आणि तशीच, फसवून कुणाच्या गळ्यात मारायची, हे आमच्या घरात झालं नसतं. काम चोख झालं. पहिल्या सकाळी अण्णांनी थंड इंजिन चालू करायला सांगितलं आणि वरच्या होस पाइपवर तळहात ठेवून उभे राहिले. तीन मिनिटं, चार मिनिटं. पाइप गारच. मग एकदम त्यांनी हात मागे घेतला आणि हसले. “उघडला.” थर्मोस्टॅट शाबूत असला की असंच होतं, पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक तापतो. मला हात ठेवायला लावून त्यांनी दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करून दाखवलं.

त्यांनी अट घातली होती. पाच हजार किलोमीटर बघायचं. या पाच हजारांत नव्या कारणाने दोनदा थांबली तर पासिंग करायचं नाही.

मे-जून छान गेले. खंबाटकी दोनदा चढलो, काटा बरोबर मधोमध. जुलैत मेढ्याहून येताना, अंधारात, धो धो पावसात वायपरची मोटर गेली. एका हॉटेलच्या शेडखाली दीड तास काढला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला. भर दुपारी, घरापासून दोन किलोमीटरवर, त्रास असा काहीच नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णांनी वहीत लिहिलं आणि पाचव्या रकान्यात थोडं थांबून ‘बि’ काढला. नेहमीपेक्षा मोठा.

त्यांना ते अवघड गेलं. मला वाटत होतं की गाडीत जीव अडकलाय तो माझा. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दिवसाला ज्या कामाची उब होती ते काम या गाडीने पुरवलं होतं, हे मला फार उशिरा दिसलं. सकाळी ऑइल बघणं, गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींशी वाद घालणं, पुण्याच्या नाना पेठेतून मागवलेला पार्ट हातात घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघणं. त्यांच्या बोटांच्या पेरांतली काळी रेघ नोकरी संपल्यावर गेली होती, ती परत आली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा ते पेपर पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले होते. “चालत होती की,” एवढंच म्हणाले. मुदत वयाची होती, थांबण्याची नव्हती, याचं त्यांना दुःख होतं. आमच्या गाडीला त्यांनी वयाच्या मुदतीने जाऊ दिलं नाही. मोजून, वहीत लिहून, स्वतः ठरवून जाऊ दिलं.

“अण्णा, ठेवायची का अजून वर्षभर?” मी विचारलं होतं. मनापासून विचारलं होतं.

“तुझी माणसं वेणी घालून बसतात,” ते म्हणाले.

गाडी घ्यायला आला तो वाढ्याफाट्याजवळच्या एका गॅरेजात काम करणारा पोरगा. आयटीआय झालेला, बावीस-तेवीसचा. आईला आठवड्याच्या बाजाराला न्यायला आणि स्वतःला शिकायला गाडी हवी होती. आम्ही त्याला सगळं सांगितलं, वायपरपासून सेल्फपर्यंत. तो ऐकत होता आणि त्याचे डोळे लकाकत होते. तेव्हा मला उमगलं की त्याच्याकडे ही गाडी वेगळीच ठरणार. रस्त्यात केबल तुटली तर तो डिकीतून पाना काढून वीस मिनिटांत पुढे जाईल. माझी फेरी चुकायची, त्याचा फक्त हात काळा होईल. पासिंगचा खर्च धरून पंचावन्न हजारांना व्यवहार ठरला. अण्णांनी त्याला वही दिली. त्याने अकराच्या अकरा पानं उभ्याउभ्या वाचली, आणि थर्मोस्टॅटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “आबा, डबी रिकामी होती? मग काटा खालीच राहत असणार सपाटीला.” अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांत मला न कळलेलं त्या पोराला एका ओळीत कळलं होतं.

मी २०१९ सालची, एकाच मालकाची गाडी घेतली, तीन लाख साठ हजारांना, त्यातले अडीच लाख कर्ज. घेण्याआधी सकाळी सात वाजता मालकाच्या दारात जाऊन थंड इंजिन चालू करायला लावलं आणि वरच्या होसवर तळहात ठेवला. माझा. अण्णा मागे उभे होते. वर्ष होऊन गेलं, अजून ती रस्त्यात थांबलेली नाही. तिचं बोनेट फारसं उघडत नाही, आणि अण्णा सकाळी बराच वेळ पेपर वाचतात.

परवा त्या पोराचा फोन आला. “आबा, पासिंग झाल्यापासून नऊ हजार झाले. दोनदा थांबली. एकदा केबल, एकदा फ्यूज.” अण्णा उठले, चष्मा शोधला. वही तर त्याच्याकडेच गेली होती. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गेल्या महिन्याचं पान उलटं केलं, पट्टी आणायला सांगितली आणि पाच रकाने आखायला घेतले.